टाच म्हणते सतरा

...आणि म्हणे काठीने मोजा! अहो, कोळसा काय मांजरपाट आहे, गजाने मोजायला? का दूध आहे, माप बुडवलं आणि झालं? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं काढली मी या बंदरात आगबोटींवर, पहिली नऊ भट्टीपुढे फावडं घेऊन आणि पुढची तेरा चक्रावर हात ठेवून, आणि या बावीस वर्षांत दौलत तांडेलाची लाँच कोळसा संपून मधल्या पाण्यात उभी राहिली, असं कुणी ऐकलंय? एकदा तरी? आमच्या माझगावच्या कोळीवाड्यात विचारा, भाऊच्या धक्क्यावर विचारा, पार पलीकडे उरणच्या मोरा बंदरावर जाऊन विचारा... लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. बाकीच्यांच्या उभ्या राहतात हो. भर ओहोटीत उभ्या राहतात, उतारू शिव्या घालतायत, तांडेल लांबच्या शिडाच्या मचव्याला हात करतोय, दोरी टाक रे बाबा, ओढून ने... आगबोटीला शिडाचा मचवा ओढतोय, काय ती शोभा! माझ्यावर ती पाळी आली नाही. आणि का नाही आली? हिच्यामुळे. ही बघा. ही उजवी टाच. नीट बघून घ्या, भेगांकडे लक्ष देऊ नका, भेगा काय आमच्या बायकोलाही दिसतात. टाच बघा.

आता लाँच म्हणजे काय, तर मधे बायलर, बायलरमागे कोळशाची कोठी, कोठीवर फळ्या. आत अंधार, धूळ, एका कोपऱ्यात ढीग तर दुसऱ्यात खड्डा, आणि बोट हलली की ढीग इकडचा तिकडे. डोळ्याने बघून सांगतो म्हणणारा माणूस एक तर नवा असतो नाही तर खोटारडा. मी काय करतो, फळीवर उभा राहतो, श्वास धरतो आणि टाच हाणतो. एकदाच. कोठी भरलेली असली की आवाज येतो धप्प... जेवून आडव्या झालेल्या माणसाच्या पोटावर थाप मारावी तसा. अर्धी असली की ढब्ब. तळाला गेली की टण्ण. तुम्हाला वाटेल, तीन आवाज, त्यात काय एवढं? तीन नाहीत, तीस आहेत! कोठीत तीस टोपल्या मावतात आणि प्रत्येक टोपलीचा आवाज निराळा, आणि त्यात कोळसा विलायती असला तर तो घट्ट बोलतो, बंगाली असला तर जरा बोबडा, पावसात भिजलेला असला तर सर्दी झाल्यासारखा... हे सगळं वजा करायचं आणि मग आकडा सांगायचा. अकरा. अकरा म्हणजे अकरा, उपसून मोजा, साडेदहा निघणार नाहीत. आमचा आगवाला उत्तम, मालवणकडचा, तो सात वेळा पैज लावून हरला माझ्याशी. आठव्यांदा पैज नको म्हणाला, नुसता पाय धरून बघत बसला, 'तांडेलांनू, तुमच्या पायात काय देव बसलो हा?' म्हटलं, देवबिव काही नाही रे. आपली टाच खोटं बोलत नाही, एवढंच.

घरीसुद्धा तेच. पाण्याच्या पिंपाला टाच लावली की सांगतो, सहा घागरी. आमची पुतळाबाई, म्हणजे आमची मंडळी, ती कमरेवर हात ठेवून म्हणते, 'अवो, सा घागरी हायेत त्ये मना पन म्हाईत हाय, मीच भरल्यात.' तिची बोली अजून वाडीतलीच आहे. माझी बंदरात छप्पन्न जातीच्या लोकांशी बोलून बोलून घासली गेली. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की घरात या टाचेची किंमत नाही आणि बंदरात होती, आणि मी त्या बंदरातल्या किमतीवर खूश होतो. तर सरकारला काय सुचलं कोण जाणे.

फर्मान निघालं. पुढच्या पहिल्या तारखेपासून ज्या तांडेलाकडे सरकारी कागद नाही, त्याने आगबोटीच्या चक्राला हात लावायचा नाही. परीक्षा द्यायची, पास झालात तर कागद, नाही तर बसा घरी जाळी विणत. तेरा वर्षं चक्र धरलेल्या माणसाची परीक्षा. आणि घेणार कोण? तर एक साहेब, विलायतेहून येऊन सहा महिने झालेला, ज्याला अजून भरती कुठली आणि ओहोटी कुठली ते पंचांगात बघावं लागतं. आणि साहेबाच्या बाजूला दुभाषे म्हणून गंगाधरराव, ठाकुरद्वारचे, प्रभूंपैकी, कचेरीत कारकून, डोक्याला पगडी आणि पायात असे चकचकीत बूट की धक्क्याच्या ओल्या पायरीवर उतरताना आधी पायरीकडे बघणार, मग बुटांकडे, मग आभाळाकडे. माणूस वाईट नाही हो, उलट सभ्य. पण या सभ्य माणसाने साहेबाला खूश करायला काय केलं, एक काठी करवून घेतली. सागवानी काठी, तिच्यावर पितळेच्या कड्या, कडी-कडीवर आकडा. काठी कोठीच्या तोंडातून खाली सोडायची, कोळशाला टेकली की कडी वाचायची, वर किती रिकामं आहे ते कळलं की खाली किती भरलंय ते कळलं. बरोबर एक तक्ता, घडी घालून खिशात. मला म्हणतात, 'दौलतराव, यात मनुष्याच्या मर्जीचा प्रश्नच राहत नाही.' मर्जी! म्हणजे बावीस वर्षं मी मर्जीने आकडे सांगत होतो?

मी म्हटलं, गंगाधरराव, तुमची काठी कोळशाचा माथा बघते. पोटात काय आहे ते कोण बघणार? ते हसले. पानाचा डबा उघडला, पान लावलं, आणि म्हणतात, 'पोटात कोळसाच असणार. दुसरं काय असणार?'

दुसरं काय असणार... थांबा, येतोच तिकडे. आधी आमचे मालक सांगितले पाहिजेत. लाँच एका शेठची, नाव 'चंचल', लाँचचं, शेठचं नव्हे. शेठ कांदासुद्धा न खाणारे, त्यातून गेल्या वर्षी एका मडमेला लाँचवर कुणाच्या तरी सुकटीच्या पाटीचा वास आला आणि ती जी भोवळ येऊन पडली ती थेट शेठच्या नव्या पगडीवर. दुसऱ्या दिवशी लाँचवर बोर्ड. सुकी मासळी लाँचवर सापडली तर तांडेलाला काढून टाकण्यात येईल. मासळी कुणाचीही असो, जाणार तांडेल. मी जातीचा कोळी, आणि माझ्याच लाँचवर बोंबलाला बंदी, आणि पहारेकरी कोण तर मीच. पुतळाबाईला तो बोर्ड मी स्वतः समजावून सांगितला, कारण तिचं माहेर मोऱ्याला, तिचा भाऊ तिकडे बोंबील सुकवतो आणि ती इकडे घोडपदेवच्या चाळींतून गिरणीवाल्यांच्या घरोघरी विकते. ती म्हणाली, 'तुमची लाँच रोज मोऱ्याशी रिकामी येते, आन माजे बोंबील मचव्यान दोन दिस लोलत येतात. कोलशात चार पोती ठेवली तर कोन बगतंय?' मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. त्यावर ती गप्प बसली. तिथेच मला समजायला हवं होतं. मला कोळशाचा अंदाज येतो, तिच्या गप्प बसण्याचा आजवर आला नाही.

तर परीक्षेचा दिवस. सकाळी घोडपदेवाला नारळ ठेवला, धुतलेली बंडी घातली, आणि हसू नका, टाच पण दगडाने घासून घेतली. साहेब आला, शेठ आले, गंगाधरराव काठी घेऊन आले, आल्या आल्या माझ्या टाचेकडे बघून म्हणतात, 'आज काठीची आणि हिची, दोघींची परीक्षा.' सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उत्तमने तीस टोपल्या कोळसा मोजून कोठीत टाकला आणि आम्ही सुटलो. काय चालवली मी लाँच त्या दिवशी! गलबतांच्या मधून अशी काढली की शेठच्या हातातला चहा बशीत सांडला नाही. साहेब विचारतोय, 'टांडेल, रात में लाल बट्टी डेखेगा टो क्या करेगा?' सांगितलं. 'धुका पडेगा टो?' सांगितलं. 'आडमी पानी में गिरेगा टो?' म्हटलं, साहेब, आधी काढेन, मग विचारीन कसा पडलास. गंगाधररावांनी त्याचं इंग्रजी केलं, साहेब हसला, वहीत खूण केली. मोऱ्याला पोचेपर्यंत सगळे सवाल झाले. उरला एक. कोळसा. तो सवाल, साहेब म्हणाला, परत जाताना मधल्या पाण्यात विचारीन.

मोऱ्याला साहेबासाठी चहापाणी होतं. मलाही बरोबर नेलं, भरतीचं काहीतरी नकाशावर दाखवायला. तास गेला. परत येऊन बघतो तर उत्तम घामाने थबथबलेला, भट्टीचा आगवाला म्हणजे घाम असायचाच, पण हा उभ्या बोटीवर कसला घाम? विचारलं तर म्हणतो, 'कोठी साफ करी होतंय.' आणि पुढच्या टोकाला कोण बसलंय? आमची पुतळाबाई. दोन दिवस माहेरी होती, मांडीवर रिकामी पाटी. 'चला म्हटलं, तुमच्यासंगं जाव,' म्हणते. तुम्हाला खरं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं बघू दे. पिंपातल्या सहा घागरींना हसते ना, आज साहेबासमोर बघू दे म्हणावं नवऱ्याची टाच काय चीज आहे. मी तिच्याकडे बघून मिशीला पीळ दिला. ती पाटीकडे बघत होती.

घारापुरी उजव्या हाताला आली, मधलं पाणी लागलं, साहेबाने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, 'टांडेल, अब कोयला किटना बाकी?' चक्र त्याने स्वतः धरलं. मी फळीवर गेलो. इंजिन तेवढं आपलं ठकठक करतंय. मी श्वास धरला आणि हाणली टाच.

अहो... धप्प नाही. ढब्ब नाही. वरचा कोळसा बरोबर बोलला, सतरा, स्वच्छ सतरा, बंगालीचा बोबडेपणा वजा जाता सतरा. पण त्याच्या खालून, अंगावर पांघरूण घेतलेल्या कुणी कूस बदलावी तसं, काहीतरी खसखसलं. आता मी लहानपणी झोपलोय कशावर? गादीवर? बोंबलाच्या पोत्यांवर झोपलोय मी. तो आवाज मला आईच्या आवाजाइतका ओळखीचा. चार पोती. तीन कुरकुरीत बोलली, आणि चौथं जरा मऊ. मी उत्तमकडे बघितलं. उत्तम धुराड्याकडे बघत होता. पुतळाबाईकडे बघितलं. ती घारापुरीकडे असं बघत होती, जणू हे बेट काल रात्री कुणीतरी आणून ठेवलं. आणि मला सगळं लख्ख कळलं. आज साहेब लाँचवर, म्हणजे धक्क्यावर रोज मासळीसाठी झडती घेणारा शेठचा भय्या दरवान आज पुढे येणार नाही, म्हणून तिने हाच दिवस धरला! वर्षाचे सगळे दिवस सोडून हाच. डोकं आहे हो तिला, मी नाही म्हणत नाही.

मी तोंड उघडायच्या आत गंगाधररावांनी काठी सोडली. काठी टेकली, कडी वाचली, तक्ता उलगडला. 'पंचवीस टोपल्या.' बरोबरच आहे, खाली चार पोती, तेवढा माथा वर आला. पण काठीला काय कळतंय? शेठ तर उडालेच, 'तीस टाकला, पच्चीस बाकी? अरे वाह, आपली चंचल तो काय खातीच नाय!' साहेबाने उत्तमला विचारलं, किती जाळलास? उत्तम म्हणाला, 'माका काय म्हायत, साहेब... काठी बोलता ता खरा.' जो माणूस टोपली-टोपली मोजून भट्टीत घालतो, तो म्हणतो काठी बोलते ते खरं!

मग साहेब माझ्याकडे वळला. माणूस दिलदार. मला गप्प उभा बघून त्याला वाटलं, हा घाबरला. म्हणतो, 'लकडी बोलटा पच्चीस. टुम बी पच्चीस बोलेगा, टो पास.' आणि माझ्या मागून, पदर सावरल्याचं निमित्त करून, पुतळाबाई हलकेच, 'अवो, पंचवीस बोला. बोला ना.'

आता तुम्ही सांगा. एक शब्द होता. एक शब्द बोललो की सरकारी कागद खिशात, चक्र हातात, शेठ खूश, साहेब खूश, बायको खूश, बोंबील घरी. कोळशाचा धोकाही नव्हता, सतरा टोपल्यांत मी मुंबईला जाऊन परत मोऱ्याला आलो असतो. तुम्ही बोलला असता, मला ठाऊक आहे, तुम्ही शहाणी माणसं. मीही ओठ जुळवले होते. 'पं' पर्यंत आलो होतो, खरंच सांगतो. पण टाच झिणझिणत होती. बावीस वर्षं तिने सांगितलं आणि मी तसंच्या तसं बोललो, एका टोपलीचा फेर केला नाही, आणि आज सगळ्या दुनियेसमोर मीच तिला खोटी पाडायची? आणि मग काय होणार? बंदरभर काठ्या येणार. दौलत तांडेलानेसुद्धा काठीचंच खरं मानलं म्हणणार लोक. आणि एखाद्या दिवशी, श्रावणाच्या तोंडाला, कुणी नवखा काठीवर पंचवीस वाचून निघेल, खाली सतराच असतील, बोटीवर पोरंबाळं असतील... मला नाही जमलं. आपली टाच खोटं बोलत नाही. मी म्हटलं, 'सतरा.'

साहेबाचा चेहरा पडला. 'आठ टोपली का फरक, टांडेल.' पेन्सिल काढली. तरी मी सतरावर थांबलो असतो, देवाशपथ थांबलो असतो, नापास झालो असतो, पोती घरी गेली असती, निदान घरात तरी जेवण मिळालं असतं. पण गंगाधररावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी मायेने, शाळेतल्या पंतोजीसारखं म्हणाले, 'दौलतराव, पुन्हा विचार करा. काठीला काही स्वार्थ नसतो.' संपलं. डोकं सटकलं माझं. मी ताठ उभा राहिलो आणि साहेबाच्या डोळ्यांत बघून म्हटलं, 'सतरा टोपल्या कोळसा. त्याच्या खाली चार पोती सुके बोंबील. आणि त्यातलं एक पोतं नीट वाळलेलं नाही.'

कुणी विचारलं होतं? वाळलेलं का ओलं, कुणी विचारलं होतं मला? पण येतंय तर सांगायला नको?

'निकालो,' साहेब म्हणाला. फळ्या काढल्या. उत्तम कोठीत उतरला तो फाशी जाणाऱ्यासारखा, आणि टोपल्या वर यायला लागल्या. साहेब बोटांवर मोजतोय, गंगाधरराव तक्त्यावर मोजतायत, शेठ माळेच्या मण्यांवर मोजतायत. चौदा. पंधरा. सोळा. सतरावी टोपली वर आली आणि खाली फावडं गोणपाटावर खरडलं. बायलरच्या धगीने शेकलेला वास जो वर आला... शेठने उपरणं नाकाला लावलं, 'आ शुं छे? कोना छे?' एकामागून एक चार पोती फळ्यांवर. काळीकुट्ट, पण पोती. साहेबाने माझ्याकडे असं बघितलं, तुम्हाला सांगतो, माझ्या बापानेही माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. आयुष्याचं सार्थक झालं हो! छाती अशी भरून आली की शेठचा बोर्ड मला त्या क्षणी दिसतही नव्हता.

तरीसुद्धा, ऐका, तरीसुद्धा वाचलो असतो. पोती कुणाची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उत्तमने तर सुरूही केलं होतं, 'कोणा उतारूची असतीत, शेठ, चोरून ठेवल्यानी...' आणि शेठ मान हलवत होते. बोर्डावर काही का असेना, चोराने ठेवली तर तांडेल काय करणार, असं त्यांच्या तोंडावर यायला लागलं होतं. पण साहेबाला शेवटचं बघायचं होतं. 'एक गीला?' त्याने विचारलं. गंगाधररावांनी मोठ्याने त्याचं मराठी केलं, 'साहेब म्हणतात, यातल्या एका पोत्यातले बोंबील ओले आहेत, हे खरं का?'

आणि पुढच्या टोकावरून आवाज आला. 'वले? कोन बोललं वले?' रिकामी पाटी बाजूला, पदर कमरेला, पुतळाबाई उभी. 'चार दिस उन्हान सुकवल्यात माज्या भावान, दोरीवर एकेक उलटून! पुतलीचे बोंबील वले निघाले, आसं घोरपदेवात कोनी बोलून दाखवावं! आन तुमी, सोताच्या बायकोच्या मालाला नाव ठेवताव? साह्यबासमोर?' शेठचं उपरणं नाकावरून खाली आलं. ते पुतळाबाईकडे बघतात, माझ्याकडे बघतात, बोर्डाकडे बघतात. मी म्हटलं, पुतळे, बस खाली. ती कसली बसते? 'फोडून बगा! चारी पोती फोडून बगा म्हनावं!'

फोडली. बोंबील पारखायला पुढे कोण आलं असेल? गंगाधरराव! अहो, ठाकुरद्वारचे प्रभू ते, मासळी म्हटलं की पगडी बाजूला ठेवणारी माणसं. नाकपुड्या तर मघापासून फुलल्या होत्या त्यांच्या. काठी टाकून दिली, बाह्या सारल्या, पहिल्या पोत्यातला बोंबील घेतला, वाकवला. कट्ट. मोडला. दुसऱ्यातला, कट्ट. तिसऱ्यातला, कट्ट. पुतळाबाई माझ्याकडे अशी बघतेय की आता हा माणूस मेला. चौथ्यातला घेतला, वाकवला... वाकला. आणखी वाकवला. आणखी वाकला. मोडला म्हणून नाही. गंगाधररावांनी खाली मान घालून सांगितलं, 'ओला आहे.' मग बोटं हुंगून, 'बाकीचे मात्र अव्वल.'

साहेबाने माझा हात हातात घेऊन हलवला. टाचेकडे बघून दोनदा मान डोलावली. गंगाधररावांच्याच काठीने पोती बाजूला सारून, त्याच फळीवर बसून त्याने कागद लिहिला. आणि लाँच भाऊच्या धक्क्याला लागली त्याच मिनिटाला, उजव्या हातात साहेबाने कागद दिला आणि डाव्या बाजूने शेठ म्हणाले, 'टांडेल, उद्यापासून यायचा नाय.' म्हटलं, शेठ, कागद बघा तरी. ते म्हणाले, 'कागद चांगला छे. बोर्ड पण चांगला छे.' खोटं तर बोलले नव्हते.

कागद मी गंगाधररावांकडून तीन वेळा वाचून घेतला. 'दौलत, राहणार माझगाव, आगबोट चालवण्यास लायक. इंधनाचा अंदाज असामान्य.' असामान्य! सगळ्या बंदरात हा शब्द कुणाच्या कागदावर असला तर दाखवा. काच लावून घेतली, एकवीरेच्या तसबिरीशेजारी टांगला. दुसऱ्या लाँचवाल्यांचे तांडेल घरी येऊन बघून जातात, हात लावून बघतात. दुसरे शेठही ऐकून आहेत, पण त्यांनी दोन्ही गोष्टी ऐकल्यात ना, टाचेचीही आणि पोत्यांचीही. मग त्यांच्या लाँचवर जागा नसते. ठाकुरद्वारहून मात्र दर महिन्याला न चुकता माणूस येतो, गंगाधररावांकडे बोंबील लागतात. कडक बघून द्या म्हणतात.

म्हणजे आता मी काय करतो? तांडेलच आहे. पुतळाबाईच्या भावाचा एक जुना मचवा पडून होता मोऱ्याला. तो तिने मागून घेतला, शीड शिवून घेतलं, आणि तिचे बोंबील मोऱ्याहून माझगावला मी आणतो. मालकीण ती, तांडेल मी. कोळशाचा अंदाज असामान्य म्हणून सरकारने ज्याला लिहून दिलं, त्या माणसाच्या बोटीवर कोळशाचा एक खडा नाही, कळलं का तुम्हाला? वारा आहे नाही एवढंच बघायचं, आणि ते तर कुणालाही दिसतं. पण परवा काय झालं ठाऊक आहे? मधल्या पाण्यात लांबून एक लाँच दिसली, उभी. धूर नाही, भोंगा नाही, उतारू ओरडतायत. जवळ गेलो तर 'चंचल'! नवा तांडेल कठड्यावर, हातात तीच काठी, पितळी कड्यांची, मला हात करतोय, दोरी टाका हो बाबा. टाकली मी. शिडाच्या मचव्याने आगबोट ओढून आणली, बोंबलाच्या पोत्यांसकट, धक्क्यापर्यंत, सगळ्यांसमोरून. शेठ धक्क्यावर उभे होते. मी त्यांना नमस्कार केला. वास येत असेल त्यांना, पण उपरणं वर गेलं नाही.

आणि सवय जात नाही हो. मोऱ्याहून निघायच्या आधी माल भरला की मी फळीवर उभा राहतो, श्वास धरतो आणि हाणतो टाच. पुतळाबाई समोर कमरेवर हात ठेवून उभी असते. 'किती?' विचारते. मी सांगतो, एकेचाळीस पोती. ती मोजते. एकेचाळीसच निघतात, कधी चुकलो नाही. मग ती विचारते, 'आन कशी हायेत?' आता त्यात तीन ओली असतात. कधी चार. टाच मला अगदी स्वच्छ सांगते, आपली टाच खोटं बोलत नाही. मी शीड वर घेतो आणि म्हणतो, 'सगळी कडक आहेत, पुतळाबाई.'